मावशी गिऱ्हाईक झाल्या तेव्हा

माणूस समोर येऊन उभा राहिला की मावशी आधी त्याच्या पिशवीत डोकवायच्या आणि मग तोंडाकडे बघायच्या. पिशवीचं तोंड दोन बोटांनी उघडायचं, आतल्या मालावर नजर फिरवायची आणि म्हणायचं, "वांगे कोनाकडून घेतले जी? म्हातारे हायेत." दहा मिनिटांपूर्वी आपण हौसेनं निवडून घेतलेली वांगी एकदम आपल्यालाही म्हातारी दिसायला लागायची.

नागपूरच्या महाल भागातल्या भाजीबाजारात तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. बारदान्यावर मांडी घालून बसलेली, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचलेली, बारीक चणीची बाई. समोर मेथी, पालक, चुका, आणि उजव्या हाताला सांभाराचा ढीग. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, बाहेरचे लोक त्यावर हसतात, हसू द्यावं. मावशींचा सांभार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो घेऊन स्कूटरवर घरी जाईपर्यंत मागचा माणूस वास घेत यायचा.

तीस-पस्तीस वर्षं त्या तिथेच बसत होत्या. नवरा सायकलरिक्षा ओढायचा, मुलगा पाचवीत असताना तो गेला. मुलाला त्यांनी या पालेभाजीवर इंजिनिअर केलं. हे त्या स्वतः कधी सांगत नसत. शेजारची भाजीवाली सांगायची आणि मावशी तिला "चूप बस वं" म्हणून गप्प करायच्या.

मी सीताबर्डीत एक टूरचं ऑफिस चालवतो. ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं एक पोस्टर. त्या डोंगरावर मी स्वतः कधी गेलेलो नाही. वर्षातून तीन-चार वेळा वीस-बावीस माणसं गोळा करतो आणि कुठेतरी फिरवून सुखरूप परत आणतो. आधी बोधगया आणि सारनाथ असायचं, मग श्रीलंका झालं, थायलंड झालं, आणि आता दोनेक वर्षांपासून जो तो व्हिएतनाम म्हणतो. मलाही ते बरं वाटलं. तिकडे पॅगोडे आहेत, समुद्र आहे, आणि ताटात भात आहे.

एका दुपारी मावशींचा मुलगा मिलिंद ऑफिसात आला. "सर, आईला तुमच्या व्हिएतनामच्या टूरला पाठवायचंय," तो म्हणाला. मी खूश झालो, त्याला चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यानं खरी गोष्ट काढली.

"दुकान बंद कर म्हणून वर्षभर मागे लागलोय, सर. गुडघे गेलेत तिचे. शहराबाहेर बेसाला फ्लॅट घेतला तरी तिथून पहाटे ऑटो करून कॉटन मार्केटला माल आणायला जाते. आणि..." तो जरा थांबला. "आणि आता लोकही विचारतात. आमच्या सोसायटीतले, ऑफिसातले. मी सांगतो, आई घरीच असते म्हणून."

मी चहा त्याच्यापुढे सरकवला. तोच पुढे म्हणाला, "टूरहून आल्यावर काय ते सांगते, असं म्हणालीय. तुम्ही तिकडे जरा समजवा तिला, तुमचं ऐकेल ती. आणि सर, बाजारात-बिजारात जास्त नका नेऊ."

मी एका दमात हो म्हटलं. टूरवाला माणूस कशालाही हो म्हणतो, धंद्याची सवयच ती. कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवशी सकाळी 'स्थानिक बाजार, एक तास' असं मीच छापलेलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

मावशी विमानात बसल्या त्या खिडकीशी. नवख्या माणसाला असते तशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडेना. जेवणाचा ट्रे आला तेव्हा त्यांनी काकडीची एक चकती उचलली, उजेडात धरली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परवाची हाय." मग ती खाऊनही टाकली. पॅगोड्यात बुद्धमूर्तीपुढे मात्र हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बुद्ध तं आपलाच हाय जी. पन इथं गालात जास्त हसून राहिला." पहिले तीन दिवस असे सुखात गेले. मी दोनदा दुकानाचा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा त्यांनी मला संत्र्याची गोळी दिली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

आणि मग चौथा दिवस उजाडला!

आम्ही दा नांगपासून तासाभरावरच्या एका लहान गावात होतो. बसमध्ये मी माइक घेतला आणि परदेशातल्या बाजारात वागायचं कसं, यावर माझं नेहमीचं भाषण ठोकलं. "त्यांनी भाव सांगितला की आपण निम्मा सांगायचा. नाही म्हणाले की वळायचं आणि सरळ चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक येतेच!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सीटवरून मावशींनी विचारलं, "तुम्ही माझ्यापाशी असेच करता काय जी?" मी म्हटलं, "छे छे, तुमच्याकडे कुठं!" त्या हसल्या. "आज मले करू द्या. आज मी गिऱ्हाईक हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईनं तीसेक वर्षांत घरासाठी भाजी विकत घेतलेलीच नाही. जे विकलं गेलं नाही ते घरी शिजलं. निवडून, नाक मुरडून, हवी तीच जुडी घ्यायची चैन त्यांनी कधी केलीच नव्हती.

बस थांबली. सकाळचे सात वाजले होते. आणि तो बाजार! तुम्हाला काय सांगू! ओल्या फरशीवर दुतर्फा टोपल्या, टोपल्यांमागे शंकूसारख्या टोप्या घातलेल्या बाया, आणि हिरव्याचे इतके प्रकार की मला दोन-तीनच ओळखू आले. केळफुलं बारीक चिरून पाण्यात टाकलेली. जिवंत मासे परातीतून उड्या मारताहेत, बदकं ओरडताहेत, मधूनच एखादी स्कूटर थेट टोपल्यांमधून वाट काढत चाललीय आणि तिच्यावर बसूनच बाई भाजी घेतेय. आमची मंडळी मोबाइल काढून वेडी झाली. मावशी तर धावत सुटल्या. गुडघे गेलेल्या बाईला मी धावताना पाहिलं.

"पायजा, पायजा! केळफूल चिरून इकून राहिले! आपल्याकडे कोनी चिरून देत नाही जी, घरी जाऊन हात काळे करा म्हनते." पुढच्या टोपलीशी, "हा फणस पाय, केवढा!" त्याच्या पुढच्या टोपलीशी जाऊन त्यांनी एक आरोळीच ठोकली, "सांभार! भाऊ, सांभार!" परदेशात गाववाला भेटावा तसा त्यांना आनंद झाला होता.

ती टोपली एका म्हातारीची होती. मावशींच्याच वयाची, तशीच बारीक, लहानशा स्टुलावर बसलेली. नुकतीच येऊन बसली होती, पालेभाजीच्या जुड्या लावणं चालू होतं. मावशींनी पिशवी कोपरात अडकवली, मान तिरकी केली, आणि एकदम वेगळ्याच बाई झाल्या. आमच्या बाजारात काही पर्सवाल्या बाया येतात, तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांची ती हुबेहूब नक्कल होती. दोन बोटांनी जुडी उचलायची, अंतरावर धरायची, नाक मुरडायचं. "ताजा नाही वाटून राहिला," मावशी त्या म्हातारीला शुद्ध नागपुरीत म्हणाल्या. आमचे लोक पोट धरून हसायला लागले.

म्हातारीनं बोटांनी भाव दाखवला. मावशींनी निम्मी बोटं दाखवली. म्हातारीनं मान हलवली. मावशींनी जुडी टोपलीत टाकली आणि माझ्या भाषणात सांगितल्याप्रमाणे ठसक्यात वळून चालू लागल्या. एक, दोन, तीन पावलं झाली. हाक आली नाही. चार, पाच. काहीच नाही.

मागे वळून पाहिलं तर म्हातारीनं वर्तमानपत्राचा कपटा पेटवला होता. पेटता कपटा ती टोपल्यांवरून फिरवत होती, बुडाखालच्या स्टुलाभोवती फिरवत होती, आणि तोंडानं काही पुटपुटत होती. आमच्या लोकांना वाटलं, हा काही तरी खेळच आहे. सगळे मोबाइल तिच्याकडे वळले. "डास घालवत असेल," मी जाणकारासारखा म्हणालो.

मावशी हसत नव्हत्या. "भाऊ, आपल्या आधी तिनं काही इकलं होतं काय? त्या पोरीले विचारा."

पोरगी म्हणजे आमची तिथली गाइड, लान. तिला मी इंग्रजीत विचारलं. लान आधी अवघडली, मग हळूच म्हणाली, की सकाळचं पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून काही न घेता गेलं तर अख्खा दिवस वाईट जातो, असं इथं मानतात. ती आजी आपला अपशकुन जाळतेय. मी हे मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण मावशींना सांगायची गरजच नव्हती.

"बोहनी मोडली जी मी," त्या म्हणाल्या. "बाईची बोहनी मोडली."

बोहनी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. मावशींकडे तिचं काय महत्त्व होतं ते मी स्वतः भोगलेलं होतं. एकदा सकाळी आठला पालकाचा भाव विचारून मी तसाच पुढे गेलो होतो, तर त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नव्हत्या. सकाळचा पहिला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्या वाटेल त्या भावात द्यायच्या. आणि आज जगाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनीच हे केलं होतं, तेही मी माइकवरून शिकवल्यामुळे. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी खिशात हात घातला. "थांबा मावशी, मी घेतो दोन जुड्या, विषय संपला."

"तुम्ही नाही जी!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "तुमच्याच तोंडानं तं झालं हे. आन मी बी नाही. ज्यानं मोडली त्यानं घेऊन चालत नाही. दुसरा हात पायजे. हलका हात." मग त्यांनी आम्हा बावीस जणांवरून नजर फिरवली. एकेकाला बघायच्या आणि पुढे जायच्या. रिटायर झालेले दोन साहेब नापास झाले. मधुमेहाचं सारखं बोलणाऱ्या काकूही नापास झाल्या. शेवटी त्यांची नजर पोस्टातल्या वहिनींवर थांबली. या वहिनी चार दिवस कशावरही हसत होत्या. नवऱ्याची बॅग हरवली तेव्हासुद्धा हसल्या होत्या.

"तुम्ही या वं," मावशी म्हणाल्या. "भाव नाही इचारायचा. ते देईन ते घ्यायचं. आन हसायचं."

वहिनी गेल्या आणि हसल्या. म्हातारीनं आधी आमच्या सगळ्या टोळीकडे संशयानं पाहिलं, टोपीनं आम्हाला हाकललंसुद्धा. पण वहिनींचं हसणं थांबेना, तेव्हा तिनं एक जुडी पुढे केली. वहिनींनी दिलेली नोट तिनं सगळ्या टोपल्यांवरून हळूहळू फिरवली, एकही टोपली सोडली नाही. मावशींनी हे पाहिलं आणि छातीवरचा हात खाली घेतला. "आपल्यात नोट कपाळाले लावते," त्या मला म्हणाल्या.

मला वाटलं, झालं. पण मावशी त्या टोपलीशेजारी जमिनीवर बसल्या आणि हात जोडले. म्हातारी बघतच राहिली. मग मावशींनी पाण्याच्या डब्यात बोटं बुडवून पाल्यावर शिंपडलं. मावशींनी सुटा पाला ओढला आणि जुडी बांधली. म्हातारी ओल्या बांबूच्या पट्टीनं जुडी बांधत होती, मावशींनी जुडीतलीच एक काडी काढून तिचा फास टाकला. म्हातारीनं ती जुडी हातात घेतली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. फास सुटेना. मग तिनं स्वतःचं स्टूल उचललं आणि मावशींना बसायला दिलं.

पुढचा अर्धा तास काय झालं ते मी शब्दात कसं सांगू! मावशी त्या बाजारात नागपुरीत ओरडत होत्या. "या वं, या! ताजा सांभार! पुदिना पाहा, पुदिना!" आजूबाजूच्या बाया टोपल्या सोडून बघायला आल्या, आणि आल्या त्या घेऊनच गेल्या. आमच्या लोकांनीही घेतलं. हॉटेलात राहणाऱ्या माणसांनी पालेभाजीच्या जुड्या घेतल्या, बोला! मधुमेहाच्या काकूंनी तर एक भोपळा घेतला. तो त्यांनी चार दिवस बसमधून मांडीवर फिरवला. ही सगळी वरात कोणीतरी मोबाइलमध्ये टिपत होतं.

आठ वाजता म्हातारीनं शेजारच्या बाईला आवाज दिला आणि दोन वाडगे आले. तांदळाच्या रुंद शेवया, वर पिवळसर रस्सा, कोंबडीचे तुकडे, भरडलेले शेंगदाणे आणि वर चक्क तांदळाचा पापड. सोबत ताटभर कच्चा पाला. लाननं या पदार्थाचं नाव 'मी क्वांग' असं सांगितलं. मावशींनी पापड मोडला, शेंगदाणा चावला आणि म्हणाल्या, "हे तं आपलंच सामान हाय, मांडलं वेगळं." मग त्या पाल्याकडे वळल्या. एकेक पान तोंडात टाकायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "पुदिना. हे तुळशीची बहीन. हे काय हाय?" एका हृदयाच्या आकाराच्या पानाशी त्या थबकल्या. "अवो बाप्पा! या पाल्याले मासोळीचा वास हाय!" त्यांनी ते मलाही खायला लावलं. खरोखरच मासोळीचा वास होता. मी पाणी प्यायलो, त्यांनी आणखी दोन पानं खाल्ली.

म्हातारीनं गंमत म्हणून नखाएवढी लाल मिरची पुढे केली आणि गाल फुगवून आग-आग असं करून दाखवलं. मावशी भिवापूरकडच्या, मिरचीच्या गावच्या. त्यांनी ती अख्खी चावून खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे केला. म्हातारीनं मांडीवर थाप मारली आणि इतकी मोठ्यानं हसली की तिची टोपी मागे पडली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि मघापासून दोघींची तोंडं बंद नव्हती.

तेवढ्यात एक तरुण मुलगी स्कूटरवरून आली. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. ती सरळ टोपल्यांमध्ये उकिडवी बसली आणि म्हातारीच्या वाडग्यातूनच खायला लागली. खाता खाता एका गिऱ्हाइकाला तिनं पुदिना दिला, कार्ड पाल्यात बुडू नये म्हणून पाठीवर टाकलं. मग रुमालानं तोंड पुसलं, आईच्या टोपीची गाठ घट्ट केली आणि हेल्मेट घालून निघून गेली.

"कोन होती?" मावशींनी विचारलं.

लान म्हणाली, "मुलगी तिची. बँकेत आहे. रोज ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास येऊन बसते."

"रोज?"

"रोज."

मावशींनी वाडगा खाली ठेवला. थोडा रस्सा उरला होता, तो त्यांनी संपवला नाही. जाताना म्हातारीनं त्यांच्या पिशवीत सांभाराच्या दोन जुड्या कोंबल्या आणि पैसे घेतले नाहीत. मावशींनी तिचे दोन्ही हात धरले. मी घड्याळ दाखवत होतो, बस कधीची हॉर्न देत होती.

बसमध्ये सगळे एकमेकांना व्हिडिओ दाखवत होते, भोपळ्यावरून चिडवाचिडवी चालू होती. मावशी सांभाराची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, आता विषय काढायलाच हवा. "मावशी, मिलिंद म्हणत होता..."

"मले माहीत हाय तो काय म्हनत होता ते," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात जी माझे. खोटं काहून बोलू? मलेही कटाळा येते आता. पन तो आठवीत गेला तवापासून माझ्यापाशी बसला नाही. बाजारातून गेला तं पलीकडच्या गल्लीनं जाते. लोकाले सांगते, आई घरी असते." त्यांचा आवाज चढला नाही. "उठवायचं हाय तं उठव ना बापा. हात धरून उठव. लपवून काहून उठवतं?"

समजवायला गेलेला माणूस मी, मलाच समजलं होतं.

नागपूरच्या विमानतळावर मिलिंद हार घेऊन उभा होता. मावशींनी हार घालून घेतला आणि तिथंच, ट्रॉलीवर हात ठेवून, माझ्यादेखत सांगून टाकलं. "एक दिवस माझ्यापाशी येऊन बस. सकाळपासून दुपारपर्यंत. मंग तू म्हनशील तसं." मिलिंद ट्रॉली ढकलत पुढे झाला. सामान गाडीत टाकून दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "सर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय करून आणलं?" मी सगळा दोष माझ्या भाषणाला दिला. तो खरा होताही. मग मी त्याला बाजारातला तो व्हिडिओ पाठवला. त्यानं तो पाहिल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. मावशी पुन्हा जागेवर बसायला लागल्या. मी रोज स्कूटर हळू करून बघायचो. त्या एकट्याच असायच्या. असे तीन आठवडे गेले. मला वाटलं, आता तो काही येत नाही.

एका रविवारी सकाळी पिशवी घेऊन गेलो तर मिलिंद तिथं! उलट्या क्रेटवर बसलेला, पँटची घडी सांभाळत. वजन करताना काटा भलतीकडेच जात होता आणि मावशी तोंडात पदर धरून हसत होत्या. "अरे, मापात घाल. का पूरं दुकानच देतं?" मी लांबच थांबलो. मध्ये पडावंसं वाटेना.

नऊच्या सुमारास एक जोडपं आलं. तो गृहस्थ पुढे गेला, थबकला, मागे आला. "अरे मिलिंद? तू इथे काय करतोयस?" मिलिंद ताडकन उठला. "सर!" त्यावरून कळलं, कंपनीतले साहेब. मावशी सांभाराची जुडी बांधत होत्या, त्यांचे हात तिथंच थांबले. मान खालीच. आईला सोडायला आलो होतो, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. कोणाला कळलंही नसतं.

मिलिंद क्षणभर उभाच राहिला. मग पुन्हा क्रेटवर बसला.

"हे आईचं दुकान आहे, सर," तो म्हणाला. "ही माझी आई. मी याच भाजीवर शिकलो. मॅडम, मेथी घ्या, आत्ताच गठ्ठा सोडलाय."

मॅडमनी मेथी घेतली, पालक घेतला. साहेबांनी मावशींना वाकून नमस्कार केला. मावशी "असू द्या जी, असू द्या" म्हणत राहिल्या आणि हातातल्या जुडीला गाठ मारायचं विसरूनच गेल्या. ती जुडी तशीच सुटून मांडीवर पसरली.

दुपारी बारानंतर बाजार पांगला. मी अजून तिथंच घोटाळत होतो. मावशींनी उरलेली भाजी शेजारणीच्या ढिगात सारली, बारदाना झटकला आणि घडी करून तिच्याच हातात दिला. "उद्यापासून हे जागा तुझी वं. नळाचं पानी सकाळी लवकर भरत जा." शेजारीण रडायलाच लागली. मिलिंद तराजू हातात घेऊन नुसता बघत होता.

मला राहवलं नाही. "मावशी, हे काय? आता तर तो बसला तुमच्यापाशी. आता खुशाल बसा की!"

"बसला म्हनूनच तं उठून राहिली जी," मावशी म्हणाल्या.

आणि निघाल्या. मिलिंद तराजू आणि क्रेट घेऊन मागे, त्या पुढे. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजारातून रिकाम्या हातांनी चालल्या होत्या. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. एकदा पदर धरला, एकदा कमरेवर ठेवले, मग सोडून दिले. कोपऱ्यावर पोचल्यावर त्या थांबल्या, मिलिंद जवळ येईपर्यंत थांबल्या आणि त्याचा दंड घट्ट धरला. रस्ता ओलांडायचा नव्हता, गर्दीही नव्हती. तसंच धरून दोघं भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, चालत गेली.